जनुकांची चाळण आणि जातीचा शिक्का

जात रक्तात असते, हा दावा जुनाच आहे. उद्या कोणी तो संगणकाचा दाखला देऊन मांडला, तरी तेवढ्याने तो शास्त्रीय ठरत नाही. म्हणून हा दाखला तयार कसा होतो, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

लोकसमूहांच्या अभ्यासात उपयोगी जनुकीय खुणा निवडणारे प्रोग्रॅम असतात. नोआ रोझेनबर्ग व सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलेल्या मापावर चालणारा ‘इन्फोकॅल्क’ हा त्यांपैकी एक. कोण माणूस कोणत्या समूहाचा, हे त्याला आधीच सांगावे लागते. ज्या खुणेचे प्रमाण समूहासमूहांत जास्त वेगळे, तिला तो जास्त गुण देतो. सर्वत्र सारख्याच प्रमाणात आढळणाऱ्या खुणेला शून्य. म्हणजे साम्य गाळले जाते, भेद तेवढा चाळणीवर उरतो. रोगाची कारणे शोधताना ही चाळण उपयोगी पडते. तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती उरलेल्या मूठभर खुणांना सबंध माणूस समजण्याबद्दल.

याच रोझेनबर्ग यांच्या गटाने २००२ साली ५२ लोकसमूहांतील १,०५६ व्यक्तींच्या ३७७ खुणा तपासल्या. एकूण विविधतेपैकी ९३ ते ९५ टक्के एकेका समूहाच्या आतच सापडली. त्यासाठी वापरलेल्या ‘स्ट्रक्चर’ या प्रोग्रॅमला गट किती पाडायचे हे अभ्यासकच सांगतो. पाच सांगितले तेव्हा साधारण खंडांप्रमाणे गट पडले. सहा सांगितले तेव्हा सहावा गट निघाला पाकिस्तानातील कलाश लोकांचा. म्हणून कलाश हा मानवजातीचा सहावा वंश मानायचा काय?

रिस्लेने नाके मोजून जातींची उतरंड लावली. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांच्या मापांवरूनच दाखवून दिले की, हे शास्त्र खरे मानले तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात.

आजची जनुके याहून वेगळे सांगत नाहीत. प्रिया मूरजानी व सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासानुसार, भारतीय उपखंडातील समूह सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळत होते. पुढे जातीअंतर्गत विवाहाने ती सरमिसळ आटली. बेटीबंदी हेच जातीचे मर्म, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधातच मांडले होते. तेव्हा जनुकांत दिसतो तो बेटीबंदीचा वण. वणाला जखमेचे कारण ठरवणे हे विज्ञान नव्हे, मनूची वकिली आहे.

असा अहवाल हाती आला की आधी दोनच गोष्टी विचाराव्यात: समूहांचे शिक्के कोणी मारले, आणि चाळणीतून काय काय गळाले?