जपून खेळलेली कुस्ती आणि शेवटची गाडी



पीएचडीच्या मुलाखतीत 'तुमचं गृहीतक काय?' हा प्रश्न येतोच. मग आपण कुठेतरी ऐकलेलं एखादं वाक्य गृहीतक म्हणून पुढे करतो. मीही तेच केलं होतं. आज त्या वाक्याची जरा चिरफाड करू.

वाक्य असं: 'हल्ली पैलवान जपून खेळतात, जोडीही सोयीच्या लावतात, म्हणून लोक कुस्त्या बघायला येत नाहीत.' शहापूर-मुरबाडकडच्या जत्रेत आखाड्याजवळ उभे राहिलात तर हे तुम्हालाही ऐकू येईल. बॉक्सिंगचे शौकीनही आपल्या खेळाबद्दल हेच म्हणतात: बॉक्सर अंग राखून लढतात आणि प्रमोटर त्यांना पडेल असा प्रतिस्पर्धी देत नाहीत. तक्रार इतकी पटणारी आहे की ती तपासावी असं कुणाला वाटतच नाही.

मी तपासायला गेलो. मुरबाड तालुक्यातल्या एका जत्रेत वही घेऊन बसलो. दर अर्ध्या तासाने आखाड्याच्या एका बाजूची माणसं मोजायची आणि प्रत्येक कुस्ती चितपट झाली की बरोबरीत सुटली ते लिहायचं. संध्याकाळी मोठ्या बक्षिसाच्या कुस्त्या लागल्या. पैलवान खडाखडीतच रेंगाळले आणि गर्दी निम्म्यावर आली. मी खूश! शेजारी बसलेल्या आजोबांना म्हटलं, "बघा, कंटाळून चालले लोक." ते म्हणाले, "कंटाळून कुठं रे? शेवटची गाडी जाईल म्हणून उठलेत."

मोठ्या कुस्त्या शेवटी लागतात आणि गाडीही त्याच वेळेला जाते. माझ्या वहीत दोन्ही गोष्टी एकत्र मिसळल्या होत्या. यालाच कन्फाउंडर म्हणतात. पुस्तकात व्याख्या पाठ केली होती, पण आखाड्यात ती ओळखता आली नाही. ते अख्खं प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं.

पण त्या वाक्यातली खरी खोट याहून खोल आहे. त्यात दोन कारणं 'आणि'ने जोडली आहेत, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात.

विचार करा. सोयीची जोड म्हणजे एक भारी, एक हलका. अशी कुस्ती बहुधा लवकर निकाली होते. उलट जोड तोडीस तोड असेल तर दोघंही सावध होतात, कारण चुकीचा एक पट काढायला गेलं की समोरचा पाठीवर बसतो. 7 जानेवारी 2020 ला बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघंही काका पवार यांच्या तालमीतले, एकमेकांचे डाव ओळखून असलेले. निकाल लागला 3-2. आता हे 'जपून खेळणं' की 'बरोबरीची जोड'? जिंकल्यावर सदगीरने शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच.

म्हणजे सोयीच्या जोडी बंद केल्या, तर सावध कुस्त्या वाढण्याची शक्यता आहे. एकाच वाक्यात दोन्हींची तक्रार करणाऱ्याला नेमकं काय हवंय, हे आधी त्यालाच विचारायला हवं.

दुसरा प्रश्न: लोकप्रियता मोजायची कधी? 2 मे 2015 ला लास वेगासमध्ये मेवेदर आणि पॅकियाव लढले. मेवेदर बचावासाठीच ओळखला जाणारा. तरी ही लढत अमेरिकेत सुमारे 46 लाख ग्राहकांनी पैसे भरून घेतली. लढत गुणांवर सुटली आणि बरेच जण नाराज झाले. विक्रीचा आकडा धरला तर सावध शैलीने काहीच बिघडलं नाही. पण तो आकडा पहिला ठोसा पडण्याआधीचा आहे. तो उत्सुकता मोजतो, समाधान नाही. समाधान मोजायचं तर तोच माणूस पुढच्या वेळी पैसे भरतो का, हे बघावं लागेल.

तिसरी गोष्ट कबड्डीची. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. जपून खेळण्याची किंमत नियमानेच ठरवली. खेळ लोकप्रिय झाला, म्हणून श्रेय या नियमाला द्यायचं का? 2014 ला लीग आली ती टीव्ही, मॅट, लिलाव, दिवे सगळं सोबत घेऊन. एकट्या नियमाचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला? कारण अशा वाक्यांवरून निर्णय होतात. मी बसलो होतो तिथे बरोबरीत सुटलेल्या कुस्तीचं बक्षीस दोघांत अर्धं अर्धं वाटत होते. कमिटीतल्या काहींचं म्हणणं होतं, 'पुढच्या वर्षी बरोबरीला एक पैसा द्यायचा नाही, मग बघू कसे जपून खेळतात.' ऐकायला बरं वाटतं. पण माझ्या वहीत बचाव करत राहिलेली काही पोरं समोरच्यापेक्षा उघड हलकी होती. त्यांचं जपून खेळणं हा चुकीच्या जोडीचा परिणाम होता. त्यांचं अर्धं बक्षीस काढलं तर परतीचं भाडंही खिशातून जाईल, किंवा नको तो डाव टाकून खांदा निखळेल. आधी वजनकाटा आणा, मग बक्षिसाचं बोला, एवढंच मी त्यांना सांगू शकलो. ऐकलं की नाही, ते पुढच्या जत्रेत कळेल.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या गृहीतकात 'आणि' शोधा. त्याच्या दोन्ही बाजू वेगळ्या कागदांवर लिहा आणि एक वाढली तर दुसरीचं काय होईल ते विचारा. आणि गर्दी मोजायला जाणार असाल, तर आधी गाड्यांचं वेळापत्रक बघून ठेवा.