सेंद्रिय कापूस आणि 91 टक्के पाणी

‘सेंद्रिय कापसाला 91 टक्के कमी पाणी लागते’ हे विधान कपड्यांच्या जाहिरातींतून जगभर फिरले आहे. त्याचा उगम टेक्सटाइल एक्सचेंज या संस्थेने 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. एक किलो रुईमागे रूढ शेतीत सुमारे 2120 लिटर पाणी आणि सेंद्रिय शेतीत 182 लिटर, असे त्यातले आकडे. त्यांचा लावला जाणारा अर्थ मात्र चुकीचा आहे.

हे पाणी केवळ सिंचनाचे, म्हणजे नदी-विहिरीतून घेतलेले. पावसाचे पाणी त्यात धरलेलेच नाही. अभ्यासातली सेंद्रिय शेते प्रामुख्याने पावसावरची होती आणि रूढ शेतीचे आकडे वेगळ्या अभ्यासातले होते. तेव्हा ही तुलना खरे तर कोरडवाहू आणि ओलिताच्या शेतीची झाली. विदर्भातला बहुतांश कापूस कोरडवाहूच आहे. धुऱ्याच्या अलीकडे शेणखत आणि पलीकडे युरिया असला, तरी या मापाने दोन्ही शेतकरी सारखेच ‘पाणी वाचवणारे’!

विद्यार्थ्यांकडून एक हिशेब करवून घ्यावा. समजा, पिकाने हंगामात 500 मिलिमीटर पाणी वापरले. हेक्टरी ते 50 लाख लिटर होते. हेक्टरी 500 किलो रुई निघाली तर किलोमागे 10,000 लिटर, 400 किलो निघाली तर 12,500. उत्पादन घटले की किलोमागचे पाणी वाढते. शेणखताने जमीन ओल अधिक धरते हे खरे, पण म्हणून झाडाची गरज दहापटीने कमी होत नाही.

सेंद्रिय शेतीची खरी बाजू पाण्याच्या आकड्यात शोधण्याचे कारणच नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जाहिरातीत ही गोष्ट सहसा येत नाही.

निमाडमधील कसरावद येथे 2007 पासून चाललेला प्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतो. कारण तिथे दोन्ही पद्धती एकाच जमिनीवर शेजारी-शेजारी आहेत. पहिल्या पीकचक्रात (2007-08) सेंद्रिय कापसाचे उत्पादन 29 टक्के कमी आले. दुसऱ्यात (2009-10) ते रूढ शेतीइतके झाले, पण रूढ शेतीचे घसरले म्हणून! त्या चक्रात खर्च कमी असल्याने सेंद्रिय शेतीत खर्च वजा जाता सुमारे 25 टक्के अधिक उरले. मात्र पहिली दोन वर्षे आधी काढावी लागतात, आणि तीन एकरवाल्याने ती कोणाच्या भरवशावर काढावीत, याचे उत्तर कपड्यावरच्या चिठ्ठीत नसते.