विजोड जोडा

लबाड माणूस ओळखायच्या पद्धती आपल्याकडे पुष्कळ आहेत. कुणी चालीवरून ओळखतं, कुणी नजरेवरून. जेम्स बाँड पेल्यातल्या रंगावरून ओळखतो, तोही उशिरा.

'फ्रॉम रशिया विथ लव्ह' या १९६३ सालच्या चित्रपटात ओरिएंट एक्स्प्रेसच्या डब्यात तिघं जेवायला बसतात. बाँड, त्याची तातियाना आणि इंग्रज जंटलमनचं सोंग घेतलेला मारेकरी ग्रांट. तिघांनाही सोल मासा. बाँड शॅम्पेन मागवतो, ग्रांट किआंती. पांढरी ना, असं वेटर अदबीनं सुचवून पाहतो. छे, तांबडीच! पुढे ग्रांट तातियानाच्या पेल्यात गुंगीचं औषध टाकतो, बाँडच्या टाळक्यात हाणतो, आणि पिस्तुलासमोर गुडघे टेकलेल्या बाँडला साक्षात्कार होतो की, माशाबरोबर तांबडी वाइन घेतली तेव्हाच हा कोण ते ओळखायला हवं होतं!

रॉबर्ट शॉचा ग्रांट झकास आहे. डब्यातली मारामारी तर मी कितीही वेळा बघेन. पण हे वाक्य आलं की मला आधी हसू येतं आणि मग राग. ग्रांट खुनी आहे, तुरुंगातून पळालेला आहे. पण तो पकडला जायला हवा होता कशावरून, तर वळण नाही म्हणून! हे आपलं जुनं सोवळंच की हो. फक्त मुकट्याऐवजी सूट नेसलेलं. पंगतीत नवख्यानं काय आधी कालवलं यावरून त्याचं कूळ काढणारे आजोबा आणि हा हेर, दोघं एकाच शाळेतले.

बरं, नियम अगदीच खोटा नाही. २००९ साली जपानी संशोधकांनी वाइनबरोबर शिंपल्यांचं सुकवलेलं मांस खाऊन पाहिलं. तोंडात मागाहून जो उग्र वास येतो, त्याचं कारण निघालं वाइनमधलं लोह. ते तांबडीत बहुधा जास्त असतं. म्हणजे गुन्हेगार रंग नव्हे, लोह! लोह कमी, तुरटपणा कमी, अशी एखादी हलकी तांबडी, बोजोलेची म्हणा, जराशी गार करून बांगड्यासारख्या तेलकट मासळीबरोबर घ्या. काही बिघडत नाही.

आणि किआंती ज्या टस्कनीची, तिथल्या लिव्होर्नो बंदरात काच्चुक्को नावाचा मासळीचा रस्सा करतात. त्यात घालतात तांबडीच वाइन. बाँडच्या हिशेबानं अख्खं बंदर तुरुंगात!

सोल नाजूक, किआंती तुरट. जोडा विजोड, हे मान्य. पण विजोड जोडा हा गुन्हा ठरला तर आपल्यातले किती संसार सुटतील?

लबाड ओळखायचाच असेल, तर त्याच्या पेल्यात काय आहे ते बघू नये. त्याचा हात दुसऱ्याच्या पेल्याकडे जातोय का, ते बघावं.