माहितीच्या अधिकाराचा कायदा व दप्तरशोधक

सन 2005 चा माहितीच्या अधिकाराचा कायदा इतिहाससंशोधकांनीं मूळांतून वाचावा, अशी आमची सूचना आहे. अर्जदारानें कारण सांगण्याचें प्रयोजन नाहीं, हें कलम 6 मधील वचन मोलाचें. आणि कलम 8(3) अन्वयें वीस वर्षांपलीकडील घटनांस बहुतेक अपवाद लागत नाहींत.

आमचें लक्ष विशेषेंकरून कलम 7(9) कडे जातें. मागितलेल्या स्वरूपांत माहिती दिल्यानें कागदास अपाय होत असेल, तर तें स्वरूप नाकारतां येतें. जीर्ण मोडी रुमालांचा विचार करतां हें योग्यच. मात्र नाकारावयाचें तें स्वरूप, माहिती नव्हे. छायाप्रत न मिळाली तरी समक्ष पाहणी व टिपणें यांचा मार्ग कलम 2 नें मोकळा ठेविला आहे. तोही अडविला गेल्यास तीस दिवसांत पहिलें अपील व त्यापुढें नव्वद दिवसांत दुसरें करावें. स्वस्थ बसूं नये.

खरें वैगुण्य निराळें आहे. अभिलेखांची सूची करावी असें कलम 4 सांगतें, परंतु ती न केल्यास कलम 20 चा दंड लागत नाहीं. मागितलेली माहिती नष्ट करणाऱ्यास दररोज 250, कमाल 25,000 रुपये दंड. पण ज्या कागदाची नोंदच नाहीं तो मागावा कोणीं? पेशवे दप्तरांतून सरदेसायांनीं 1930 ते 1934 मध्यें 45 खंड काढिले. त्यांबाहेरचा संचय प्रचंड आहे. यास्तव कोणत्याही कचेरीकडे पहिला अर्ज कागदाचा न करतां सूचीचा व नष्ट केलेल्या कागदांच्या नोंदवहीचा करावा.