सोडण्याचं कसब

प्रयोगशाळेच्या फ्रीजरमधून निघणाऱ्या इवल्याशा कुपीत तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी असते. लेबलवर लिहिलेलं असतं, ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन एफसीआरएन’. पूर्ण नाव निओनेटल एफसी रिसेप्टर. आपल्या आयजीजी अँटीबॉडीला तो पेशीच्या आत, आम्लात धरतो आणि रक्तात परतल्यावर सोडतो. धरून ठेवणारी प्रथिनं शरीरात पुष्कळ आहेत. इतकं नेमक्या वेळी सोडणारं, इतकं देखणं प्रथिन मला तरी दुसरं दिसत नाही.

पेशी आजूबाजूचा द्रव सतत गिळत असते, त्याबरोबर अँटीबॉडीही आत जातात. आतल्या पिशव्यांमध्ये पीएच 6 च्या आसपास उतरतो आणि तिथून बराचसा माल लायसोसोमकडे, म्हणजे चिरफाडीला, रवाना होतो. त्याआधीच एफसीआरएन अँटीबॉडीला पकडतो, पृष्ठभागावर परत आणतो आणि रक्ताचा 7.4 पीएच लागताच पकड सुटते. अँटीबॉडीच्या एफसी भागात 310 आणि 435 या जागांवर हिस्टिडीन आहे. पीएच 6 ला हिस्टिडीनवर धनभार चढतो, 7.4 ला तो उतरतो. समोर रिसेप्टरवर ऋणभार असलेली अमिनो आम्लं वाटच पाहत असतात. भार चढला की जोडी जुळते, उतरला की मोडते. पकड सोडवायला वेगळा एन्झाइम लागत नाही. सगळी युक्ती एका अमिनो आम्लाच्या स्वभावात बसवलेली आहे, आणि मी या रेणूवर लुब्ध आहे तो इथंच.

आता आयजीजीचाच एक उपप्रकार, आयजीजी3 पाहा. त्याच्या नेहमीच्या रूपात 435व्या जागी हिस्टिडीनऐवजी आर्जिनीन असतं. आयजीजी1 चं रक्तातलं अर्धायुष्य सुमारे 21 दिवस, या आयजीजी3 चं जेमतेम 7. काही माणसांच्या आयजीजी3 मध्ये त्या जागी हिस्टिडीनच असतं, आणि त्यांचं आयजीजी3 जास्त टिकतं. आमच्या सोलापुरात जकार्डच्या पुठ्ठ्यावर एक भोक चुकलं तर चादरीवरच्या फुलाची पाकळी बिघडते. इथं एका अक्षरापायी दोन आठवडे जातात.

असा रिसेप्टर असलाच पाहिजे, हे वेल्समधल्या बँगोरच्या ब्रॅम्बेल यांनी तो कुणी पाहण्याआधीच तर्कानं मांडलं होतं. आईच्या अँटीबॉडी पिलाकडे कशा जातात, हा त्यांचा अभ्यासविषय. 1964 मध्ये त्यांनी अँटीबॉडीच्या टिकाऊपणाचा उलगडाही तशाच रिसेप्टरनं होतो असं सुचवलं. उंदीरवर्गातल्या प्राण्याचं हे जनुक हाती लागलं 1989 मध्ये. तोवर ‘निओनेटल’, म्हणजे नवजाताचा, हे नाव चिकटलं होतं, आणि ते आजही शोभतं. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये जन्मलेल्या बाळाच्या रक्तात पहिल्याच दिवशी धनुर्वाताविरुद्धच्या अँटीबॉडी असतात, कारण गरोदरपणी आईला टीडीचं इंजेक्शन मिळालेलं असतं आणि वारेतल्या एफसीआरएननं त्या अँटीबॉडी पलीकडे नेलेल्या असतात. भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. त्यात लस, आशाताई आणि स्वच्छ बाळंतपण यांचा वाटा उघडच आहे; या रेणूचा वाटाही मोजायला हवा. ही ने-आण सर्वांत जास्त होते ती शेवटच्या आठवड्यांत. त्यामुळे ऊसतोडीच्या फडावर सातव्या महिन्यातच आलेल्या बाळाच्या वाट्याला हा साठा अपुराच येतो.

कुपीतला रेणू अर्थात वारेतून काढलेला नसतो. माणसाचं जनुक बहुधा एचईके293 पेशींत घालून तो तयार करतात. पेशीच्या पटलात रुतणारा भाग वगळतात, सोबतीला बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन देतात, कारण त्याच्याशिवाय एफसीआरएन नीट उभाच राहत नाही. शुद्ध करण्यासाठी टोकाला बहुतेक वेळा सहा हिस्टिडीनची शेपटी जोडतात. ती निकेलला धरून बसते. ज्या अमिनो आम्लावर मूळ काव्य रचलेलं आहे, तेच कारागिरांच्याही कामी यावं, हे मला फार आवडतं. मग अँटीबॉडीशी होणारं बंधन मोजणाऱ्या यंत्रावर पीएच 6 चं द्रावण सोडलं की बंधनाचा आलेख चढत जातो. द्रावण बदलून 7.4 चं केलं की तोच आलेख कड्यावरून पडावा तसा खाली येतो. एक उणीव मात्र राहते. खऱ्या पेशीवर एक अँटीबॉडी दोन रिसेप्टर एकदम धरू शकते. पटलापासून सुटलेल्या रेणूत ती दुहेरी पकड पूर्ण दिसत नाही.

सर्पदंशावरच्या औषधाची गोष्ट उलटी आहे. आपल्याकडची एएसव्ही घोड्याच्या अँटीबॉडीपासून बनते आणि पेप्सिननं तिचा एफसी भाग कापलेला असतो. रिसेप्टरला धरायला काही उरतच नाही, म्हणून ती रक्तातून लवकर जाते. घोणसाचं विष जखमेतून झिरपत राहिलं तर पुन्हा डोस का द्यावा लागतो, याचं एक कारण इथं सापडतं.

माणसानं पुढं या पकडीत हात घातला. बाळांना आरएसव्ही या विषाणूपासून वाचवणाऱ्या निर्सेविमॅबमध्ये एफसीची तीन अक्षरं बदलून पीएच 6 ची पकड घट्ट केली, 7.4 ला सोडणं तसंच राखलं. अर्धायुष्य सत्तर दिवसांच्या आसपास गेलं. एफगार्टिगिमॉडमध्ये दोन्हीकडची पकड वाढवली. हा एफसीचा तुकडा रिसेप्टरवर ठाण मांडून बसतो, रुग्णाच्या स्वतःच्या अँटीबॉडींना जागा मिळत नाही आणि त्या चिरफाडीला जातात. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये, जिथं अँटीबॉडी स्वतःच्याच स्नायूंवर उलटतात, हेच हवं असतं. अमेरिकेत डिसेंबर 2021 पासून ते औषध म्हणून मिळतं.