मुक्तस्रोत कार्यप्रणालीवरील संगणकीय खेळ : निवडीचा निकष आणि तीन खेळांची समीक्षा

प्रस्तावना

लिनक्ससारख्या मुक्तस्रोत कार्यप्रणालीवर खेळण्याजोगे खेळ नाहीत, हा समज दीर्घकाळ रूढ होता. व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ मध्ये ‘स्टीम’ हे आपले वितरणकेंद्र लिनक्सवर आणले आणि २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ उपलब्ध करून दिले. विंडोजसाठी लिहिलेला खेळ आणि लिनक्स यांच्यामध्ये प्रोटॉन दुभाष्याचे काम करते. २०२२ मध्ये बाजारात आलेले ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळण्याचे यंत्रही लिनक्सवरच चालते. त्यामुळे ‘कोणता खेळ चालतो?’ या प्रश्नाची तीव्रता कमी झाली असून ‘कोणता खेळ टिकतो?’ हा प्रश्न पुढे आला आहे. खेळांची शिफारस करणाऱ्या याद्या बहुधा पहिल्या प्रश्नापाशीच थांबतात. प्रस्तुत लेखात दुसऱ्या प्रश्नाच्या आधारे निवडीचा निकष मांडून तीन खेळांचे मूल्यमापन केले आहे.

थेट चालणे पुरेसे आहे काय?

दुभाष्याशिवाय, थेट लिनक्ससाठी बांधलेला खेळ अधिक विश्वासार्ह असतो, असे सामान्यतः मानले जाते. इतिहास या समजुतीला पूर्णपणे दुजोरा देत नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने अनेक व्यावसायिक खेळ लिनक्सवर आणले. १९९९ मध्ये आलेला ‘सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर’ हा त्यांपैकीच एक. २००२ मध्ये कंपनी बंद पडली. या खेळाची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, खेळाडूंच्या हाती नव्हती. पुढे कार्यप्रणालीतील सहायक ग्रंथालये बदलत गेली आणि लोकीची ती आवृत्ती नव्या संगणकांवर चालवणे अवघड होत गेले. ‘रॉकेट लीग’ या खेळाच्या निर्मात्यांनी २०२० मध्ये लिनक्स आवृत्तीचा आधार काढून घेतला, तेव्हाही निर्णय मालकाचा होता आणि परिणाम खेळाडूंनी सोसला.

तात्पर्य, थेट चालणे हा गुण आवश्यक असला तरी एकटा पुरेसा नाही. खेळ थेट चालावा आणि त्याची संहिता खुलीही असावी, हा दुहेरी निकष लावला तरच शिफारशीला अर्थ प्राप्त होतो. मात्र खुलेपणा हा कलात्मक उणिवांवरील पांघरूण ठरू नये, याचेही भान समीक्षेने ठेवले पाहिजे.

१. फ्रीसिव्ह

डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५ च्या अखेरीस हा खेळ लिहिण्यास घेतला. सिड मायर यांच्या ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) या खेळाची कल्पना घेऊन ती अनेकांना संगणकजालावर एकत्र खेळता यावी, हा त्यांचा हेतू होता. लोकीने विकलेला खेळ आणि फ्रीसिव्ह हे एकाच कुळातील. दोहोंत खेळाडू आदिम वस्तीपासून संस्कृती उभी करतो. पहिल्याची लिनक्स आवृत्ती मालकासोबत संपली. दुसऱ्याचे मूळ कर्ते बाजूला झाल्यावरही इतरांनी काम चालू ठेवले आणि २०२२ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. टिकाऊपणाचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

या खेळाचे नियम साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असतात, त्यामुळे खेळाडूला ते वाचता व बदलता येतात. दोषही स्पष्ट आहेत. लहान लहान नगरे दाटीवाटीने वसवत जाणे हाच जुन्या नियमसंचात विजयाचा हमखास मार्ग ठरे आणि संस्कृतीची कथा केवळ गणित होऊन बसे. ‘सिव्ह२सिव्ह३’ या नव्या नियमसंचाने या प्रवृत्तीला बराच आळा घातला. दृश्यरूप मात्र रुक्ष असून नवख्याला पहिला तास जड जातो.

२. बॅटल फॉर वेसनॉथ

डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा खेळ तिन्हींत सर्वाधिक परिपक्व आहे. षट्कोनी घरांच्या पटावर आळीपाळीने चाली कराव्या लागतात. काही योद्धे दिवसा प्रबळ, तर काही रात्री. जंगलात एल्फ सैनिकांवर वार लागणे कठीण, उघड्या मैदानावर तेच सहज सापडतात. नियम मोजके असले तरी केव्हा पुढे जावे आणि केव्हा माघार घ्यावी, याचा विचार प्रत्येक चालीत करावा लागतो. एका लढाईत अनुभव मिळवलेला सैनिक पुढील लढाईत पुन्हा बोलावता येतो आणि मारला गेला तर कायमचा जातो. त्यामुळे विजयालाही किंमत मोजावी लागते. या जाणिवेतच खेळाचे खरे वाङ्मयीन मूल्य आहे.

प्रत्येक वार लागणे वा चुकणे यदृच्छेवर सोपवल्यामुळे उत्तम डावपेचही कधी कधी वाया जातात, ही तक्रार निराधार नाही. कथानके एल्फ, बुटके, ऑर्क यांच्या मळलेल्या वाटेनेच जातात.

३. झिरो ए.डी.

वाइल्डफायर गेम्स या स्वयंसेवी गटाने २००९ मध्ये या खेळाची संहिता खुली केली. खेळाचा काळ इसवी सनापूर्वीच्या पाच शतकांचा आहे. २०१३ मधील ‘मगध’ या आवृत्तीपासून त्यात मौर्यांचा समावेश झाला. सामग्री वाहणाऱ्यांना वारंवार कोठाराकडे परतावे लागू नये, म्हणून मौर्यांचा कामकरी हत्ती फिरते कोठार बनतो. इतिहासाचा तपशील नियमात मुरवण्याचे हे चांगले उदाहरण होय.

परंतु चंद्रगुप्त, चाणक्य आणि अशोक येथे केवळ निवडण्याजोगे नायक उरतात. कलिंगयुद्धानंतरचा पश्चात्ताप शिलालेखात कोरवणाऱ्या सम्राटाचे आदेशस्तंभ युद्धखेळात उपयुक्त बांधकाम म्हणून उभे राहतात, हा विरोधाभास निर्मात्यांनी हाताळलेला नाही. मोठी सैन्ये भिडली की खेळ मंदावतो, हीदेखील जुनी तक्रार आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, एकट्याने खेळणाऱ्या विचारी खेळाडूस वेसनॉथ, प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर समूहाने खेळणाऱ्या विद्यार्थ्यांस फ्रीसिव्ह, तर सक्षम संगणक आणि इतिहासाची आवड असणाऱ्यास झिरो ए.डी. सुचवणे उचित ठरेल. तिन्ही खेळ विनामूल्य आहेत, परंतु हे त्यांचे मुख्य वैशिष्ट्य नव्हे. खेळातील अशोकाविषयी आक्षेप असणाऱ्या वाचकाला तो केवळ नोंदवून थांबावे लागत नाही. संहिता उघडून दुरुस्ती करता येते. या खेळांत मराठी मजकूर घालायचा झाल्यासही कोणा मालकाच्या अनुमतीची वाट पाहावी लागत नाही. बंद खेळात ग्राहकाच्या हाती केवळ खेळणे असते. येथे त्याला वारसा मिळतो. मात्र वारसा सांभाळावा लागतो, आणि ती जबाबदारी पत्करणारे हात लाभले तरच ‘टिकतो’ हे उत्तर पुढेही खरे ठरेल.