पहिला घास आणि चौदावं वर्ष

ऑगस्ट १९५५. शिकागोचा एमेट टिल हा चौदा वर्षांचा काळा मुलगा मिसिसिपीत नातेवाइकांकडे आला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगळीक केल्याचा ठपका ठेवून त्याला रात्री घरातून उचललं आणि ठार मारलं. गोऱ्यांच्याच ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडलं.

ही बातमी त्याच राज्यातल्या, त्याच वयाच्या, गोऱ्यांकडे घरकाम करणाऱ्या मुलीपर्यंत कशी पोचली, ते अ‍ॅन मूडीच्या ‘कमिंग ऑफ एज इन मिसिसिपी’ (१९६८) या आत्मकथनात वाचावं. शाळेतून परतताना मुलांची कुजबुज तिच्या कानावर येते. आईला विचारावं तर आई चिडते. कामावर जा आणि काही ठाऊकच नाही असं वाग, एवढंच बजावते. त्या संध्याकाळी मालकांची जेवणं उरकल्यावर ती ताट घेऊन बसते. पहिला घास तोंडाशी नेते, तोच मालकीण स्वयंपाकघरात येते, त्या मुलाबद्दल विचारते आणि मग हिचं वय विचारते. तोही चौदाचाच होता म्हणे. उघड धमकी कुठेच नाही. दोन वयं शेजारी ठेवली, झालं!

यानंतर मूडी आपल्या भीतींचा हिशेब मांडते. भुकेची भीती अन्न मिळालं की जायची, सैतानाची भीती शहाण्यासारखं वागलं की. पण मारलं जाऊ नये म्हणून काळ्या माणसाने काय करावं, काय टाळावं? या भीतीला उताराच नव्हता. ती सात वर्षांची असताना अशाच एका मृत्यूबद्दल आईने सांगितलं होतं, दुष्ट आत्म्याने मारलं. तो आत्मा कोण, हे आता कळलं. आईची लबाडी म्हणून मूडी हे लिहीत नाही, कैफियतही मांडत नाही. आईचं बोलणं फक्त नोंदवते. त्यातूनच आईची भीती वाचकाला जास्त बोचते.

पुढचं कबूल करायला मात्र छाती लागते. तिला गोऱ्यांचा द्वेष वाटू लागतो, आणि हे निमूट सोसणाऱ्या आपल्याच माणसांचाही. नायिका उजळ दिसावी म्हणून ती हे झाकत नाही.

१९६३मध्ये जॅक्सनच्या वूलवर्थ दुकानात, गोऱ्यांसाठी राखीव काउंटरवर धरणं धरून जमावाचा मार सोसणारी मूडी इतिहासाला ठाऊक आहे. पण नागरी हक्कांच्या चळवळीचा तो भाग सभा-मोर्च्यांच्या तपशिलात अधूनमधून सैल पडतो. लेखिका म्हणून तिची खरी ताकद त्या स्वयंपाकघरात दिसते. सगळं पुस्तक वाचणं जमत नसेल, तर ‘हायस्कूल’ या भागाची सुरुवात तरी वाचाच.